पोस्टातील पाच वर्षांची आर.डी. ११ तारखेला पूर्ण होत आहे. रक्कम कोठे वळवावी?

दुधनाकाठ | २ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. सेलूत माझे झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचे छोटे दुकान आहे. टाळेबंदीत शाळा बंद होत्या, दुकानही बंदच होते आणि हाताशी साठवलेला पैसा किती थोडा आहे हे त्या सहा महिन्यांत चांगलेच कळले. म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये पोस्टात महिना ५,००० रुपयांची आर.डी. उघडली. एजंट ताई दर महिन्याच्या दहा-बारा तारखेला दुकानात येत आणि गिऱ्हाईक उभे असले तरी आधी हप्ता घेऊन कार्डावर सही करत, त्यामुळे साठ महिन्यांत दोनच हप्ते उशिरा गेले. त्या वेळचा दर ५.८ टक्के होता. भरलेले ३ लाख आणि व्याज मिळून ११ तारखेला साधारण ३ लाख ४८ हजार रुपये हाती येतील.

एवढी रक्कम एकदम आमच्या घरात यापूर्वी कधी आलेली नाही, आणि आता ती येणार म्हटल्यावर प्रत्येकाचे काही ना काही म्हणणे आहे. थोरली लेक लातूरला बारावीत आहे. मे महिन्यात तिची वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा होईल आणि त्यानंतर प्रवेश मिळाला तरी पैसे लागतील, न मिळाला आणि पुन्हा एक वर्ष तयारी करायची ठरली तरी लागतील. धाकटा भाऊ शेती पाहतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेले, नदीकडच्या तुकड्याची माती वाहून गेली, आणि रब्बीसाठी भावजयीची बोरमाळ बँकेत तारण ठेवून त्याने ६०,००० रुपये काढले आहेत. आईचे वय ६७ आहे. तिचे म्हणणे असे की पैसा सोन्यात घालावा. एजंट ताई सांगतात की तीच आर.डी. आणखी पाच वर्षे पुढे चालू ठेवता येते, आणि मला तेच सर्वांत सोपे वाटते. चौकातल्या एका पतसंस्थेचा प्रतिनिधी मात्र ११ टक्के देऊ म्हणून दोनदा येऊन गेला. आपण सर्वांनी अनुभवाचे सांगावे.

मोंढ्याचा_हिशेब | २ नोव्हेंबर, रात्री १०.१५

आर.डी. पुढे चालू ठेवावी, असेच मीही म्हणेन. जे बिनबोभाट चालले आहे त्यात कशाला हात घालायचा? मोठी रक्कम बचत खात्यात आली की आठ दिवसांत तिचे पाय फुटतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. मागच्या वेळी माझे ९०,००० रुपये आले आणि महिन्याने पाहिले तर एक नवी मोटारसायकल, मेहुण्याला दिलेले हातउसने आणि ११,००० रुपये शिल्लक, एवढेच उरले होते.

निवृत्त_डाकपाल | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

दुधनाकाठ, घाई करू नका. आर.डी. पुढे वाढवता येते हे खरे आहे, परंतु त्यातली एक अट फारसे कोणी समजावून सांगत नाही. वाढवलेल्या पाच वर्षांसाठी दर तोच राहतो, जो खाते उघडताना होता. आपले खाते ५.८ टक्क्यांच्या काळातले आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या आर.डी.ला ६.७ टक्के मिळतात आणि चालू तिमाहीतही तोच दर आहे. म्हणजे आजची साडेतीन लाखांची रक्कम आणि पुढचे साठ हप्ते, दोन्ही आपण जुन्या दरात बांधून घ्याल.

आकडेच मांडतो. महिना ५,००० रुपये पाच वर्षे भरल्यास ५.८ टक्क्यांनी सुमारे ३,४८,४८० होतात आणि ६.७ टक्क्यांनी सुमारे ३,५६,८३० होतात. म्हणजे नुसत्या हप्त्यांत आठ हजारांहून अधिक फरक पडतो. त्याशिवाय जमलेली रक्कम ५.८ ऐवजी पोस्टाच्याच पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ७.५ टक्क्यांनी गेली, तर वर्षाकाठी सहा हजारांच्या आसपास फरक पडतो. ज्यांनी आज ६.७ टक्क्यांनी आर.डी. उघडली आहे त्यांना हाच नियम पाच वर्षांनंतर कदाचित फायद्याचा ठरेल, कारण तोवर दर उतरले तरी त्यांना जुना वरचा दर मिळेल. आपल्या बाबतीत तो उलटा पडतो.

एजंट ताईंना दोष देऊ नये. महिला प्रधान योजनेच्या एजंटला आर.डी.च्या भरण्यावर शासन ४ टक्के कमिशन देते, ते नव्या खात्यावरही मिळते. त्यांनी आपल्याला सोपी वाट सांगितली, एवढेच. त्यांच्याकडूनच नवे खाते उघडावे.

आता सध्याचे दर एकदा पाहून घ्यावेत. पोस्टाची एक वर्षाची मुदत ठेव ६.९, दोन वर्षांची ७, तीन वर्षांची ७.१ आणि पाच वर्षांची ७.५ टक्के, राष्ट्रीय बचत पत्र ७.७, किसान विकास पत्र ७.५, म्हणजे ११५ महिन्यांत दुप्पट. मासिक उत्पन्न योजना ७.४, ज्येष्ठ नागरिक योजना ८.२. हे दर दर तिमाहीला जाहीर होतात, पण एकदा पैसे गुंतवले की या सगळ्यांत पूर्ण मुदतीपर्यंत दर बदलत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, एक टक्क्याने उतरवून ५.५ वर आणला, तेव्हा बँकांच्या ठेवींचे दर भराभर खाली आले. पोस्टाचे मात्र अजून तेथेच आहेत.

लातूर_पालक | ३ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

डाकपाल काकांनी दर सांगितले, मी तारखा सांगतो. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेला आहे. बारावीच्या वर्षाचे बहुतेक पैसे आपण भरून झालेले असतील. खरा खर्च परीक्षेनंतर सुरू होतो. निकाल जूनमध्ये लागला, तर प्रवेशाच्या फेऱ्या तेथून पुढे दोन-तीन महिने चालतात. यादीत नाव लागले की भरण्यासाठी मोजके दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत पैसे हाताशीच लागतात, 'आठ दिवसांनी ठेव सुटते आहे' हे तेथे कोणी ऐकून घेत नाही. पुन्हा वर्षभर तयारी करायचे ठरले, तर क्लासचा पहिला हप्ता आणि खोलीची आगाऊ रक्कम जून-जुलैतच द्यावी लागते.

म्हणून लेकीचे पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळे असले पाहिजेत. पोस्टाची एक वर्षाची ठेव आज केली, तर ती पुढच्या नोव्हेंबरात सुटेल. ती मध्येच मोडली, तर सहा महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत फक्त बचत खात्याचा ४ टक्के दर मिळतो. सहा महिन्यांच्या आत तर मोडताच येत नाही. मी नेमकी हीच चूक केली होती. ६.९ टक्के पाहून ठेव केली आणि आठव्या महिन्यात ४ टक्क्यांनी उचलली.

दुधनाकाठ | ३ नोव्हेंबर, दुपारी २.१०

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. लेकीसाठी साधारण दीड लाख बाजूला ठेवावे असे मनात आहे. मग ते नुसते बचत खात्यात ठेवायचे का? तेथे तर काहीच मिळत नाही.

लातूर_पालक | ३ नोव्हेंबर, दुपारी २.४५

बँकेत सहा-सात महिन्यांची ठेव करावी. त्या मुदतीला सरकारी बँकांत साडेपाच ते सहा टक्क्यांच्या दरम्यान मिळते. पण हिशेब करून पाहा: दीड लाखावर सात महिने चार टक्के आणि पावणेसहा टक्के यांत जेमतेम दीड हजारांचा फरक पडतो. दर कमी म्हणून झोप उडवून घ्यावी असे त्यात काही नाही. ठेव करायची ती व्याजासाठी कमी आणि मोंढ्याचा_हिशेब यांनी सांगितलेल्या मोटारसायकलसाठी जास्त. पावती लेकीच्या प्रवेशाच्या कागदांच्याच फाइलमध्ये लावून ठेवा.

अंबाजोगाई_रोड | ३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

पतसंस्थेचा विषय निघाला आहे, म्हणून लिहितो. हे लिहिताना अजूनही हात थांबतो.

आमच्या तालुक्याच्या गावी एका मल्टिस्टेटची, म्हणजे अनेक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी पतसंस्थेची, शाखा होती. काचेचे दार, आत थंड हवा, मुलींच्या हाती चहाचे कप, भिंतीवर कीर्तन सप्ताहाच्या देणग्यांचे फोटो. राष्ट्रीयीकृत बँकेत पासबुक भरून घ्यायला अर्धा दिवस जाई आणि येथे मॅनेजर स्वतः उठून 'या सर' म्हणत असे. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले ७ लाख आम्ही १२ टक्क्यांनी ठेवले. पहिली दोन वर्षे व्याज महिन्याच्या महिन्याला आले, त्यामुळे आत्याचे आणि शेजाऱ्यांचेही पैसे आम्हीच नेऊन ठेवायला लावले. २०२३ मध्ये एके दिवशी शटर अर्धे खाली होते. लोक म्हणाले की सर्व्हरचे काम चालू आहे. पुढच्या आठवड्यात ते पूर्ण खाली आले.

तेव्हापासून मी जे शिकलो ते येथे नोंदवतो, कारण तेव्हा मला यातले एक अक्षर माहीत नव्हते. ठेवींवर ५ लाखांपर्यंतचे जे विमा संरक्षण आहे, ते बँकांनाच आहे. सरकारी, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेतील ठेवीदाराला ते मिळते, आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख आहे. पतसंस्था राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्याखालची असो किंवा मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखालची असो, ती बँक नव्हे आणि हा विमा तिला लागू नाही. संस्था बुडाल्यावर पोलिसांत तक्रार होते, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागतो, संचालकांच्या मालमत्ता जप्त होतात आणि मग लिलावाची वाट पाहत बसावे लागते. मी तारखांना जातो. आमच्यातले काही म्हातारे ठेवीदार आता तारखांना येत नाहीत, कारण ते राहिलेच नाहीत. आत्या माझ्याशी बोलत नाही.

११ टक्के आणि ७ टक्के यांतला फरक साडेतीन लाखांवर वर्षाला १४,००० रुपये होतो. तेवढ्यासाठी साडेतीन लाख पणाला लावायचे का, एवढेच स्वतःला विचारा.

नाथषष्ठी | ३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

अंबाजोगाई_रोड यांचे दुःख समजते, परंतु सगळ्या पतसंस्था एका मापाने मोजू नयेत. आमच्या पैठणकडच्या एका लहान संस्थेत माझी ठेव अकरा वर्षे आहे. संचालक रोज डोळ्यांसमोर वावरतात, कर्ज गावातच जाते आणि लेखापरीक्षणाचा वर्ग दरवर्षी सभेत वाचून दाखवला जातो. अडीअडचणीला ज्या माणसाला बँक दारात उभे करत नाही, त्याला याच संस्थांनी तारले आहे.

अंबाजोगाई_रोड | ३ नोव्हेंबर, रात्री १०.३०

आमच्याकडेही वर्ग 'अ' वाचून दाखवला जात होता, दादा.

हिशेबनीस_संभाजीनगर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

कराबद्दल थोडक्यात सांगतो. आर.डी.चे व्याज करपात्र आहे. कोणी उगमावर (टीडीएस म्हणून) कापून घेतले नाही म्हणजे ते करमुक्त झाले, हा समज चुकीचा आहे. परंतु दुकान, शेती सोडून इतर मिळकत आणि हे व्याज धरून आपले वार्षिक उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर नव्या कर-पद्धतीत या आर्थिक वर्षात सवलतीमुळे कर शून्य येतो. बँकेतील ठेवीच्या व्याजावर उगमावर कपातीची मर्यादा या एप्रिलपासून वर्षाला ५०,००० आणि ज्येष्ठांना १ लाख झाली आहे, त्यामुळे आपल्या रकमेवर तो प्रश्नच उद्भवत नाही.

याचा दुसरा अर्थ असा की 'कर वाचतो' म्हणून कोणी राष्ट्रीय बचत पत्र किंवा पाच वर्षांची ठेव सुचवली, तर ऐकून सोडून द्यावे. ती वजावट जुन्या पद्धतीत मिळते आणि आपल्याला जो कर मुळात लागतच नाही, तो वाचणार कसा? कर वाचवण्याच्या नादात पाच वर्षे पैसा अडकवून बसलेली कितीतरी माणसे माझ्याकडे मार्चमध्ये येतात.

मृगाचा_पाऊस | ४ नोव्हेंबर, दुपारी १.१५

सगळे ठेवींवर बोलत आहेत, पण आपल्या घरातच १० टक्क्यांचा एक खड्डा आहे. भावाच्या सोनेतारण कर्जाला बँक काय व्याज लावते ते पाहिले का? नऊ-दहा टक्के असेलच. मग एकीकडे ७ टक्के मिळवायचे आणि दुसरीकडे त्याच घरातून १० टक्के द्यायचे, याला काय म्हणावे? ६०,००० फेडून बोरमाळ घरी आणा. वर्षाचे सहा हजार वाचतील आणि भावजयीच्या मनातला सल जाईल तो वेगळाच.

मात्र पीककर्ज असेल, तर त्याला या घाईत हात लावू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर राज्याच्या सवलतीसह ते शून्य टक्क्याने पडते. ते मुदतीच्या आदल्या आठवड्यात फेडावे, आज फेडण्यात फायदा नाही. आणि रब्बीच्या बियाण्यासाठी शासनाने ऑक्टोबरमध्ये हेक्टरी १० हजार जाहीर केले आहेत, ते भावाच्या खात्यावर आले की नाही हे तलाठ्याकडे पाहून घ्या. आधार खात्याला जोडलेले नसले तर पैसे अडतात.

दुधनाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री ९.००

पीककर्ज आहे आणि मार्चमध्ये भरायचे आहे, त्यामुळे ते बाजूला राहू द्यावे. सोनेतारणाचा दर आज भावाला विचारला तर पावणेदहा टक्के निघाला. मला वाटत होते सात असेल.

आईचा प्रश्न राहतोच. ती म्हणते की सोने वाढतच जाते. दुसरे असे की आईच्या नावे ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकले तर ८.२ टक्के मिळतील, असे मेहुणे म्हणाले. हे सर्वांत जास्त आहे ना?

गोदाकाठची_लेक | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

दादा, सोन्याबाबत आईंना एवढेच दाखवा की ऑक्टोबरमध्ये तोळ्याने १ लाख २० हजारांचा आकडा ओलांडला. दागिना घेतला की घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी जातो, आणि जूनमध्ये लेकीच्या फीसाठी तोच मोडायला सराफाकडे जावे लागले, तर तो घट धरल्याशिवाय राहत नाही. सरकारी सुवर्ण रोखे असते तर मी वेगळे बोलले असते, पण त्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेलीच नाही. सोने वाढेल की नाही यावर मी बोलत नाही. ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे, तो त्यात नको. आणि बोरमाळ सोडवून आणली तर घरात सोने आलेच की!

निवृत्त_डाकपाल | ५ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर उत्तम आहे यात शंका नाही. एक लाख ठेवले तर दर तिमाहीला २,०५० रुपये आईंच्या खात्यात येतील. परंतु दुसऱ्याच्या नावाने पैसे ठेवताना कायद्याने ते पैसे त्याचेच होतात, हे घरातल्या सर्वांनी आधी समजून घ्यावे. माझ्या नोकरीत काउंटरवर झालेली सर्वांत मोठी भांडणे व्याजावरून झाली नाहीत, ती नॉमिनीवरून झाली. मुलाने स्वतःच्या कमाईचे पैसे आईच्या नावावर ठेवले, आई गेली, नॉमिनी म्हणून पैसे मुलाने उचलले आणि मग बहिणींनी वारस म्हणून हिस्सा मागितला. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीने, तो स्वतः मालक होत नाही. बहिणींचे चुकले असे मला कधी वाटले नाही आणि भावाचेही नाही. कागदावर जे नव्हते, ते प्रत्येकाने आपापल्या मनात धरले होते.

आपल्याला बहीण आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल तर तिला आत्ताच सांगून टाका. आणि आईंना खरोखर औषधपाण्याला दर तिमाहीला पैसे हवे असतील, तर त्यांच्याच नावे, त्यांचेच म्हणून ठेवा. केवळ दर चांगला म्हणून ठेवू नका. ही ठेव वर्षाच्या आत मोडली तर दिलेले व्याज परत कापून घेतात, आणि एक ते दोन वर्षांत मोडली तर दीड टक्का रक्कम कापली जाते.

पाच वर्षांच्या मुदत ठेवीबद्दलही एक गोष्ट परवा लिहायची राहिली. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेली ही ठेव चार वर्षांच्या आत मोडता येत नाही आणि त्यानंतर मोडली तर बचत खात्याचा दर मिळतो. पूर्वी इतके कडक नव्हते. त्यामुळे ७.५ हा आकडा आपल्यासारख्या घराला दिसतो तेवढा मऊ नाही. दोन वर्षांच्या ठेवीत अर्धा टक्का कमी मिळेल, पण एक वर्ष पूर्ण झाल्यावर गरज पडल्यास दोन टक्के कापून का होईना ती उचलता येते.

मोंढ्याचा_हिशेब | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

मी पहिल्या दिवशी आर.डी. पुढे वाढवा म्हणालो होतो, ते मागे घेतो. माझीही २०२१ ची आहे. आजच पासबुक काढून दर पाहिला, तोही ५.८ च आहे.

गोदाकाठची_लेक | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. दादा, डिसेंबरपासूनच्या ५,००० रुपयांचे काय? साडेतीन लाखांची चर्चा तीन दिवस चालली आहे, पण ते ज्यातून उभे राहिले तो हप्ता एकदा सुटला की गल्ल्यातून कोठे जातो हे आपल्यालाही कळणार नाही. आमच्या बचत गटात ज्या बायकांची आर.डी. संपली आणि 'पुढच्या महिन्यात उघडू' म्हणाल्या, त्यांच्यातल्या निम्म्या अजून तो पुढचा महिना शोधत आहेत.

मी स्वतः एका मोठ्या खात्याऐवजी ३,००० आणि २,००० अशी दोन खाती चालवते. पोस्टात कितीही आर.डी. उघडता येतात. तंगीच्या महिन्यात लहान खात्याचा हप्ता चुकला, तर शेकड्याला १ रुपया दंड बसतो, म्हणजे २० रुपये, आणि मोठे खाते सुरळीत राहते. चार हप्ते थकले तर मात्र खाते खंडित होते, ते चालू करून घ्यायला दोनच महिने असतात. शिवाय वर्षभर भरलेल्या आर.डी.वर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, त्याला आर.डी.च्या दरापेक्षा २ टक्के जास्त लागतात. पुढच्या वेळी कोणाची बोरमाळ बँकेत न्यायची वेळ आली, तर हा रस्ता स्वस्त पडेल.

निवृत्त_डाकपाल | ५ नोव्हेंबर, दुपारी ४.००

ताईंनी फार नेमके सांगितले. त्यात एवढीच भर घालतो की दुधनाकाठ यांचे दुकान वह्या-पुस्तकांचे आहे, म्हणजे खरी कमाई जूनमध्ये होते. सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर मासिक हप्त्याच्या शेकड्याला १० रुपये सूट मिळते आणि बारा हप्ते भरले तर ४० रुपये. ३,००० च्या खात्यात सहा महिन्यांचे आगाऊ भरल्यास ३०० रुपये सुटतात, बारा महिन्यांचे भरल्यास १,२०० रुपये. शाळा उघडल्यावर गल्ला भरलेला असतो तेव्हाच भरून टाकावे, दिवाळीपर्यंत थांबू नये.

खाते ११ तारखेला उघडलेत, तर दर महिन्याचा हप्ता १५ तारखेपर्यंत भरता येतो. १६ तारखेला किंवा त्यानंतर उघडले तर महिनाअखेरपर्यंत मुभा असते. आपला गल्ला महिन्याच्या कोणत्या अर्ध्यात भरतो ते पाहून तारीख निवडावी. जुने खाते बंद करताना पासबुक, आधार आणि पॅन सोबत न्यावे. पासबुकावरचे नाव आणि आधारावरचे नाव अक्षरशः जुळते का, हे आजच घरी पाहून घ्यावे. रक्कम २०,००० च्या वर असल्याने रोख मिळणार नाही, ती बचत खात्यात जमा होईल. आणि एजंटच्या कार्डावरची सही ही आपल्या समाधानासाठी असते, पुरावा पासबुकाचाच; साठही नोंदी त्यात आहेत का हे मोजून मगच अर्जावर सही करावी.

दुधनाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सर्वांचे मनापासून आभार. काय केले ते सविस्तर कळवतो, कारण विचारून गप्प बसणे बरे नव्हे.

पासबुकावर माझे नाव वडिलांच्या नावाशिवाय होते आणि आधारावर वडिलांच्या नावासह. डाकपाल काकांचा निरोप वाचून ते सोमवारीच दुरुस्त करून घेतले, नाहीतर ११ तारखेला तेथेच अडकलो असतो. नोंदी मोजल्या, त्या साठ भरल्या. उशिराच्या दोन हप्त्यांचा दंड मी तेव्हाच भरला होता. ३,४८,००० आणि वर काही शेकडे बचत खात्यात जमा झाले.

दीड लाखाची ठेव लेकीसाठी बँकेत २०० दिवसांची केली, म्हणजे ती मेअखेरीस सुटेल. ६०,००० भावाला दिले. त्याने ते परत देण्याची भाषा केली, त्यावर आईने त्याला गप्प केले. एक लाखाची पोस्टात दोन वर्षांची ठेव माझ्याच नावे केली, आईच्या नावे केली नाही. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की माझ्या औषधाला तुम्ही दोघे आहातच, आणि परभणीच्या ताईला फोन लावून तिने स्वतःच सगळे सांगून टाकले. उरलेल्या ३८ हजारांतून पहिल्याच दिवशी दोन नव्या आर.डी. उघडल्या, ३,००० ची आणि २,००० ची. ३,००० च्या खात्यात सहा हप्ते एकदम भरले. राहिलेले बचत खात्यातच ठेवले आहेत, डिसेंबरात गावाकडे एक लग्न आहे.

पतसंस्थेचा प्रतिनिधी काल पुन्हा आला होता. पैसे वाटून झाले म्हटल्यावर त्याने चहाही घेतला नाही.

मृगाचा_पाऊस | १४ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आणि बोरमाळ?

दुधनाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.२५

काल दुपारी भाऊ आणि भावजय दोघे बँकेत जाऊन घेऊन आले. बँकेने पाकीट त्यांच्यासमोर फोडून पुन्हा वजन करून दाखवले, ते बरोबर भरले. भावजयीने दोनदा मणी मोजले आणि आज सकाळी ती गळ्यात घालूनच हरभऱ्याच्या पेरणीला गेली.